चाकावरचं लोखंड

वाईहून पाचगणीला रोज ये-जा करणाऱ्या गाड्या चाकांवरून ओळखू येतात. पुढची दोन चाकं काळपट, मागची दोन त्या मानाने उजळ. मी पाचगणीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घर वाईला आहे, त्यामुळे सकाळी पसरणी घाट चढायचा आणि दुपारी उतरायचा हा नेम ठरलेला. शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांमधली वरची कुठली आणि खालून आलेली कुठली, हे मी मालकाचं तोंड न बघता सांगते. शिपाईमामांना हे अजून कोडं वाटतं.

रस्त्याची माती असती तर ती चारही चाकांवर सारखीच उडाली असती. पुढचीच का काळी, याचं उत्तर चाकाच्या आत आहे. तिथे बिडाची डिस्क फिरते आणि ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. पॅडमध्ये लोखंडाचे तंतू, ग्राफाइट, बेरियम सल्फेट, ॲल्युमिनासारखी खरखरीत पूड असं बरंच काही फिनॉलिक रेझिनने एकत्र बांधलेलं असतं. नेमकं प्रमाण कुठलीच कंपनी सांगत नाही. घासताना पॅड झिजतं, डिस्कही झिजते, आणि दोघांची पूड तापलेली असतानाच बाहेर पडते. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो, म्हणून पुढच्या ब्रेकना काम जास्त. माझ्या सेकंडहँड हॅचबॅकला मागे ड्रम आहेत. तिथली पूड बरीचशी ड्रमच्या आतच राहते, चाकावर येत नाही.

घाटात हे सगळं वाढतं. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. माणसांसकट १२०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आणायची तर सुमारे ७० लाख जूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. विजेच्या मीटरवर ती जवळजवळ २ युनिट भरेल. आमच्या फिजिक्सच्या सरांनी हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, मग ती दोन युनिटं जातात कुठे?" काही हवेच्या आणि टायरच्या विरोधात जातात, काही इंजिन घेतं, उरलेली ब्रेकच्या माथी. इंजिनाला किती द्यायची आणि ब्रेकला किती, हे ड्रायव्हरच्या हातात असतं.

माझे सासरे, आप्पा, एसटीत ड्रायव्हर होते आणि महाबळेश्वरच्या रस्त्यावर त्यांची बरीच वर्षं गेली. लग्नानंतर मी गाडी चालवायला लागले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ज्या गिअरात चढवलीस त्याच गिअरात उतरव. ब्रेक फक्त वळणाला." शनिवार-रविवारी घाट उतरून पायथ्याला टेकलेल्या पर्यटकांच्या गाड्यांचा वास आला की आप्पा खिडकीतूनच म्हणतात, "लायनर जाळलं." पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडलेली असते. त्यातले काही जण खाली उतरून धुरावलेल्या चाकावर बाटलीतलं थंड पाणी ओततात. तापलेल्या बिडावर एकदम पाणी पडलं तर डिस्क वाकडी होऊ शकते, तिला तडाही जाऊ शकतो. अशा वेळी गाडी नुसती उभी ठेवावी, शक्य तर हँडब्रेक न ओढता, गिअरमध्ये टाकून आणि चाकाला दगड लावून. आप्पांना गाडीतून उतरून हे लोकांना सांगायची फार हौस. ऐकणारे थोडेच.

पण गिअरमध्ये उतरवूनही माझी पुढची चाकं काळी होतातच. आणि ती काळी पूड नुसत्या पाण्याने जात नाही.

याचं कारण समजायला चाक जवळून बघावं लागतं. अलॉय व्हील म्हणजे ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकरचा थर. पॅड-डिस्कमधून उडालेले लोखंडाचे कण गरम असतात, त्या लॅकरला जाऊन चिकटतात, काही त्यात रुततात. नंतर पाऊस येतो. पाचगणीचं धुकं, घाटातलं पाणी, आणि कणांत लोखंड असल्यामुळे ते बसल्या जागी गंजतात. गंजल्यावर लोखंड फुगतं, भोवतीचं लॅकर उचलतं आणि अजून घट्ट बसतं. चंदेरी चाकावर मोहरीहूनही बारीक नारिंगी ठिपके दिसू लागले की समजावं, वरवरची पूड केव्हाच गेली आणि आत रुतलेली राहिली. चाक धुऊन पुसून घ्यावं, हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि आऱ्यांवरून बोटं फिरवावीत. उघड्या बोटांना जे गुळगुळीत वाटतं ते पिशवीतून खरखरीत लागतं.

पहिल्यांदा मी गाडी वॉशिंग सेंटरला दिली. प्रेशरच्या फवाऱ्याने चिखल गेला, शॅम्पूने चिकट तेलकटपणा गेला, टायरला पॉलिश मारून झालं आणि चाकं होती तशी. तिथल्या मुलाला मी ठिपके दाखवले. तो म्हणाला, "मॅडम, थांबा, पाच मिनिटांत नवं करून देतो," आणि कोपऱ्यातून लेबल नसलेली पांढरी बाटली घेऊन आला. मी काही बोलायच्या आत त्याने मागच्या एका चाकावर फवारलंसुद्धा. बुडबुडे आले, नाकात झिणझिण्या आल्या आणि चाक खरोखरच लखलखायला लागलं. मुलाच्या पायात स्लीपर, हात उघडे.

लिटमसची एक अर्धवट संपलेली वही माझ्या पर्समध्ये असते; शिक्षकाच्या पर्समध्ये खडूचे तुकडे असतात तशी. निळा कागद बाटलीच्या तोंडाशी नुसता नेला तरी तांबडा झाला. वासावरून ते संडास धुवायच्या ॲसिडपेक्षा फार वेगळं नसावं. त्या मुलाला कागदाची गंमत वाटली, त्याने दोन कागद मागून घेतले आणि शॅम्पूत बुडवून पाहिले. उरलेल्या तीन चाकांना ती बाटली लावू दिली नाही. वाळल्यावर त्या एका चाकाच्या दोन आऱ्यांवर दुधाळ डाग उमटला, तो आजही आहे. मालकांनी "पॉलिशने जाईल" असं सांगितलं. तो जाणार नाही, कारण डाग वरून पडलेला नाही. ॲसिडने लॅकर खाल्लं आणि खालचा धातू निस्तेज झाला.

ॲल्युमिनियम ॲसिडमध्येही विरघळतं आणि अल्कलीमध्येही, हे दहावीच्या मुलालाही पाठ असतं. म्हणून चाकाला संडासचं ॲसिडही नको आणि कॉस्टिक घातलेला कडक डीग्रीझरही नको. त्यातही डायमंड कट चाकांना जास्त जपावं लागतं, कारण तिथे कापलेल्या चकचकीत धातूवर रंग नसतो, फक्त लॅकर असतं, आणि त्याला एक ओरखडा पडला की आत पांढरट गंज कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरत जातो. चाकाचं एक वेळ सोडा. काही व्हील क्लीनरमध्ये अमोनियम बायफ्लोराइड असतं. त्यातून तयार होणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत जातं आणि कॅल्शियमला धरतं. पातळ असेल तर लगेच दुखतही नाही, दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. लेबल नसलेल्या बाटलीत काय आहे हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं, मालकांनाही असेल असं वाटलं नाही. मी तिथे परत गेले नाही, पण एक रबरी हातमोज्यांची जोडी त्या मुलाला देऊन आले.

घरी उपायांना तोटा नव्हता. सासूबाईंनी चिंच सुचवली, शेजारच्या काकूंनी खाण्याचा सोडा, दिरांनी टूथपेस्ट. तांब्याची भांडी घासायची पावडर कोणीतरी आणूनच ठेवली. तारेची घासणी तर प्रत्येकाच्याच डोक्यात येते. यातलं चिंच-लिंबू काही अंशी चालतं, त्यातली आम्लं सौम्य असतात आणि गंज थोडा सोडवतात, पण लॅकरमध्ये रुतलेल्या कणापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. बाकी सगळं घासण्याचं काम. घासलं की लोखंडाचे तेच टोकदार कण लॅकरवर फिरतात आणि ओरखडे काढतात.

लोखंडाला घासण्यापेक्षा त्याला विरघळवायचं, हे एकदा मनाशी धरलं की पुढचा रस्ता रसायनशास्त्राच्या पुस्तकातच आहे. थायोग्लायकोलिक आम्ल लोखंडाशी जांभळट लाल रंगाचं संयुग करतं. द्रावणात लोखंड किती आहे हे मोजायला ही रंगाची कसोटी पूर्वीपासून वापरतात. गाडीच्या दुकानात 'आयर्न रिमूव्हर' किंवा 'फॉलआउट रिमूव्हर' म्हणून जे मिळतं त्यात याच आम्लाचे क्षार असतात, अमोनियमचे किंवा सोडियमचे. मी साताऱ्याहून एक बाटली आणली आणि आधी लिटमस लावला. निळा निळाच राहिला, तांबडा तांबडाच. मग निर्धास्त झाले. वास मात्र भयंकर. झाकण उघडताच माझी मुलगी म्हणाली, "आई, पार्लरचा वास येतोय," आणि ती बरोबर होती. केस कुरळे करायच्या लोशनमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, केस काढायच्या क्रीममध्ये त्याचे भाऊबंद. केसांतले गंधकाचे बंध ते तोडतं, चाकावर लोखंडाला धरतं.

काम सकाळी, शाळा नसलेल्या दिवशी, गाडी रात्रभर उभी राहून चाकं थंडगार असताना करायचं. गरम चाकावर औषध मारलं तर ते काम करायच्या आधीच वाळतं आणि डाग पाडतं. आधी साध्या पाण्याने आणि शॅम्पूने वरची पूड आणि चिखल काढून टाकायचा. हे टाळलं तर महागाचं औषध चिखलावरच खर्च होतं. पाणी निथळू द्यायचं, चाक जरा कोरडं होऊ द्यायचं, नाहीतर औषध पातळ होतं. मग सावलीत, हातमोजे आणि मास्क घालून, एका वेळी एकाच चाकावर फवारायचं. सुरुवातीला काहीच होत नाही, पाण्यासारखं ओघळतं. थोड्या वेळाने आऱ्यांच्या कडेला आणि नटांच्या खळग्यांत जांभळे ठिपके उमटतात, ठिपक्यांचे ओघळ होतात, आणि बघता बघता सगळं चाक वांगी रंगाचे थेंब गाळू लागतं. सासूबाई पहिल्यांदा बघून घाबरल्या. "अगं, रंग उतरतोय की काय त्याचा!" चाकाचा रंग तसाच असतो, उतरतं ते लोखंड.

तीन-चार मिनिटं थांबायचं, वाळू मात्र द्यायचं नाही. मऊ केसांच्या ब्रशने आऱ्यांमागून, कडेच्या ओठाखालून, नटांभोवती हलक्या हाताने फिरवायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. चाकाच्या आतल्या बाजूला लोक बघतच नाहीत, खरा साठा तिथे असतो. तिथे बॅलन्सिंगची चिकटवलेली वजनं असतात, ती ब्रशच्या जोराने उखडू द्यायची नाहीत. एक जरी पडलं तरी वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं. पहिल्या वेळी मला प्रत्येक पुढच्या चाकाला पुन्हा फवारावं लागलं, दुसऱ्यांदा जांभळा रंग फिका आला, म्हणजे लोखंड कमी उरलं. रंग येणं थांबल्यावरही जे काळे ठिपके राहतात ते डांबर. घाटात रस्त्याची कामं चालू असली की हे ठरलेलं. डांबराला आयर्न रिमूव्हर काहीच करत नाही. त्याला फडक्यावर थोडं रॉकेल, तेही टायरच्या रबराला लागणार नाही असं, आणि लगेच शॅम्पूने धुवायचं. सगळ्यात शेवटी क्ले बार. तो मळलेल्या कणकेसारखा मऊ असतो आणि भरपूर साबणाच्या पाण्यावरून हलकेच सरकवला की उरलेले कण स्वतःत ओढून घेतो. पहिल्यांदा तो चाकावर अडकत अडकत सरकतो आणि मग एका क्षणी काचेवरून घसरावा तसा घसरायला लागतो. तिथे थांबायचं.

सांडपाणी आम्ही तुळशीपासून आणि नळाच्या चौथऱ्यापासून लांब, वाळूच्या कोपऱ्यात जिरू देतो. गाडी नदीकाठी नेऊन धुणारे वाईत अजून आहेत. तेल आणि लोखंडाची पूड असलेलं पाणी कृष्णेत सोडणं मला तरी पटत नाही.

धुऊन झाल्यावर डिस्कवर तासाभरात तांबूस गंज दिसतो. त्याला घाबरू नये, बिडाला पाणी लागलं की ते तेवढं गंजतंच. गल्लीतून एक चक्कर मारून दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबला की पॅडच तो पुसून काढतं. चाक कोरडं झाल्यावर मी वॅक्सचा पातळ हात दिला, कारण लॅकरवर काही आवरण असेल तर पुढची पूड रुतत नाही, पाण्याने सुटते. हा वॅक्स घाटात फार टिकत नाही, उन्हाळ्यात तर नाहीच. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं म्हणतात, पण त्याची किंमत ऐकून मी वॅक्सवरच समाधान मानलं.

खरी उपयोगाची गोष्ट यानंतर लक्षात आली. चारही चाकं एकाच दिवशी लख्ख केली होती. तरी काही दिवसांतच डावं पुढचं चाक उजव्यापेक्षा स्पष्ट काळं दिसायला लागलं. आधी ते दिसलंच नसतं, कारण दोन्ही सारखीच माखलेली असायची. मी आप्पांना दाखवलं. त्यांनी चाकाकडे बघितलं, एक बोट आऱ्यावरून फिरवलं आणि म्हणाले, "उद्या भुईंजपर्यंत सपाट रस्त्याने जाऊन ये. ब्रेक कमी लाव. आल्यावर चाकाजवळ हात धर, टेकवू नको." तसं केलं. उजव्या चाकापाशी कोमट हवा लागत होती, डाव्यापाशी चूल पेटल्यासारखी धग. ब्रेक न दाबताही डावं पॅड डिस्कला घासत होतं.

गॅरेजमध्ये चाक काढल्यावर मेकॅनिकने पॅड धरणारा कॅलिपर हाताने हलवून बघितला. "ह्ये बघा मॅडम, पिन जाम झालीया." कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातल्या एकीच्या रबरी बुटाला चीर पडली होती, पाणी शिरलं होतं आणि ग्रीसचा नुसता काळा चिकटा उरला होता. त्यामुळे ब्रेक सोडल्यावर पॅड मोकळं होत नव्हतं. आतलं पॅड झिजून बाहेरच्याच्या निम्मंच उरलेलं. बाहेरून चाकाच्या फटीतून बघितलं तर बाहेरचंच पॅड दिसतं, ते चांगलं जाडजूड होतं, त्यामुळे सर्व्हिसिंगला कोणाच्या ध्यानात आलं नसणार. घाटात हे पॅड पत्र्यापर्यंत उतरलं असतं तर काय झालं असतं, याबद्दल आप्पा बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः जाऊन आणला.

मेकॅनिकचा हाताखालचा पोरगा हवेची गन घेऊन डिस्कवरची पूड उडवायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. ती पूड नाकात जायच्या लायकीची नसते. जुन्या काळी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं. आज नसलं तरी इतके बारीक कण फुप्फुसात खोल जातात. ओलं फडकं आणि बादलीभर पाणी, एवढं पुरतं. मेकॅनिक हसला, "मॅडम, आमचं आयुष्य गेलं ह्यात," पण फडकं भिजवून घेतलं.

पिना साफ करून त्यांना उष्णता सोसणारं ग्रीस लावलं, बूट बदलले, पॅड दोन्ही बाजूंची नवी टाकली. एकाच बाजूची बदलली तर गाडी ब्रेकला ओढते. पॅड निवडताना त्याने विचारलं, "कमी काळं करणारं सिरॅमिक टाकू का नेहमीचं?" सिरॅमिकची पूड कमी आणि फिकी, ती चाकाला तितकी धरत नाही. लोखंडाचं प्रमाण जास्त असलेलं पॅड चाक काळं करतं. चाक स्वच्छ राहावं म्हणून पॅड बदलायला मी तयार नव्हते. गाडीच्या कंपनीने जे दिलं होतं त्याच प्रतीचं टाकायला सांगितलं. घाटात पहिली गरज थांबण्याची.

ही पूड आता कायद्याच्याही नजरेत आली आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये युरो ७ चे नियम मंजूर केले, त्यांत पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांना मर्यादा घातली: साध्या मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्णपणे बॅटरीवरच्या मोटारीला ३. बॅटरीच्या गाडीला कडक मर्यादा का, हे आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेची इलेक्ट्रिक गाडी बघितली की कळतं. घाट उतरताना तिची मोटर जनरेटर होते, त्या दोन युनिटांतला काही भाग बॅटरीत परत जातो आणि ब्रेकला फारसं काम उरत नाही. तिची चाकं आमच्यात सगळ्यांत स्वच्छ. तिला मी उलटाच इशारा दिलाय: ब्रेक फार वापरले जात नाहीत म्हणून डिस्क गंजतात, अधूनमधून मुद्दाम जोरात दाबत जा.

जाम झालेली पिन मोकळी झाल्यापासून माझी पुढची दोन्ही चाकं सारखीच काळी होतात, आणि धुताना आधी मी तेवढंच बघते. साधं पाणी आणि शॅम्पू दर आठवड्याला, आयर्न रिमूव्हर ठिपके दिसले तरच, क्ले बार पावसाळा संपल्यावर. मागचे ड्रम अजून उघडलेले नाहीत. तिथली पूड बाहेर दिसत नाही म्हणून कोणी बघत नाही, पण इतक्या घाटानंतर आत बरीच साठली असणार आणि ब्रेकचे शू किती उरलेत हेही बघायचंय. मेकॅनिकने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. ओलं फडकं तयार ठेवतो म्हणाला.